पाचशे वर्षांच्या लाकडी घरात मुक्काम : इंग्लंडमधल्या मध्ययुगीन बी अँड बीत पहिल्यांदा राहणाऱ्यांसाठी

गेल्या मे महिन्यात मी, नवरा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई असे तिघं इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या लॅव्हनम गावात दोन रात्री राहून आलो. घर पंधराव्या शतकातलं, ओकच्या लाकडी सांगाड्याचं. मालकीणबाई त्याच घरात राहतात, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि सकाळी स्वतः न्याहारी करून वाढतात. बी अँड बी म्हणजे एवढंच : एक खोली आणि सकाळची न्याहारी.

त्याच्या चार वर्षं आधी दुसऱ्या एका गावात अशाच जुन्या घरात उतरलो होतो. तेव्हा काहीच माहीत नसल्याने जिना, न्हाणीघर, जेवण सगळ्यातच अडखळलो. या वेळी आधी विचारून, लिहून घेऊन गेलो आणि दोन्ही दिवस सुखाचे गेले. ओळखीतले बरेच जण मुलांना भेटायला इंग्लंडला जातात आणि अशा घरात राहायचं म्हणतात, म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

लॅव्हनमच का, तेही सांगते. निळ्या लोकरी कापडाच्या व्यापारावर हे गाव इतकं श्रीमंत झालं होतं की १५२०च्या दशकातल्या करनोंदींत त्याचं नाव इंग्लंडच्या सर्वांत धनाढ्य गावांमध्ये येतं. पुढे तो व्यापार गेला. जुनी घरं पाडून नवी बांधायला लोकांकडे पैसाच उरला नाही, म्हणून घरं राहिली. आज गल्लीच्या गल्ली वाकड्या, एकमेकींना टेकलेल्या लाकडी घरांची आहे.

१. घर खरंच जुनं आहे का, ते आधी तपासा

जाहिरातीत 'ट्यूडर' किंवा 'मध्ययुगीन' हे शब्द सर्रास टाकलेले असतात. पांढऱ्या भिंतीवर काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे घर जुनं, असं नाही. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात त्या धाटणीची नवी घरं भरपूर बांधली गेली. उलट लाल विटांचा सरळसोट दर्शनी भाग असलेल्या एखाद्या घरात मागे अस्सल पंधराव्या शतकाचा सांगाडा उभा असतो. अठराव्या शतकात फॅशन म्हणून पुढे विटांची भिंत चढवलेली असते, एवढंच. तेव्हा फोटोवर जाऊ नका.

'नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड' ही सरकारी यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. घराचं किंवा रस्त्याचं नाव टाका. नोंदीत काळ आणि दर्जा दिलेला असतो. 'सी फिफ्टीन' असं लिहिलं असेल तर पंधरावं शतक समजायचं. ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू असे तीन दर्जे आहेत आणि दहातल्या नऊहून जास्त वास्तू ग्रेड टूमध्ये मोडतात. त्यामुळे ग्रेड टू वाचून घर दुय्यम समजू नका.

इंग्लंडचं मध्ययुग साधारण १४८५ला, ट्यूडर घराणं गादीवर आलं तिथे संपलं असं धरतात. त्या हिशेबाने लॅव्हनमचं प्रसिद्ध गिल्डहॉल (गिल्ड म्हणजे जुन्या काळचा संघ, त्याचं सभागृह), जे १५३०च्या आसपासचं आहे, ट्यूडर काळातलं. राहणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण पैसे मध्ययुगाचे देत असाल तर माहीत असावं.

ही नोंद पाहण्याचा आणखी एक उपयोग आहे. यादीतल्या घरात परवानगीशिवाय फेरफार करणं तिथे फौजदारी गुन्हा आहे. लिफ्ट का नाही, खिडकीला दुहेरी काच का नाही, दार उंच का करून घेतलं नाही, या सगळ्याचं उत्तर त्यात आहे. मालकांना वाटलं तरी परवानगीशिवाय ते करता येत नाही.

२. पैसे भरण्याआधी हे प्रश्न ईमेलने विचारा

फोनपेक्षा ईमेल बरा, उत्तर लेखी राहतं.

पहिला प्रश्न जिन्याचा. किती पायऱ्या, सरळ की वळणाच्या, कठडा दोन्ही बाजूंना आहे का? जुन्या घरांतले जिने धुराड्याच्या कडेला अरुंद जागेत गोल वळवून बसवलेले असतात आणि पायरी आतल्या बाजूला तीन बोटांएवढीच उरते. चार वर्षांपूर्वी मी हे विचारलं नव्हतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या रात्री त्यांना धरून वर न्यायला आम्हा दोघांना बराच वेळ लागला आणि दुसऱ्या दिवशी खाली उतरायची त्यांना इतकी भीती बसली की दुपारपर्यंत त्या खोलीतच राहिल्या. याचं मला अजून वाईट वाटतं. या वेळी मालकीणबाईंना सरळ लिहिलं, "माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांना झेपेल का?" त्यांनी दोन्ही खोल्यांच्या जिन्यांचे फोटो पाठवले आणि त्यातली सोप्या जिन्याची खोली आईंसाठी ठेवली.

दुसरा प्रश्न न्हाणीघराचा. 'एन्स्वीट' म्हणजे खोलीला लागून, 'प्रायव्हेट' म्हणजे तुमचंच पण बाहेर बोळात, 'शेअर्ड' म्हणजे सगळ्यांना मिळून एक. रात्री उठावं लागणाऱ्या माणसासाठी 'प्रायव्हेट' आणि 'एन्स्वीट' यांत मोठा फरक आहे. शॉवर टबाच्या आत आहे का, हेही विचारा. टबाची कड ओलांडायला पाय बराच वर उचलावा लागतो.

मग दाराची आणि तुळईची उंची. आमच्या खोलीचं दार पाच फूट सात इंच होतं आणि नवरा पाच-दहा.

भाडं खोलीमागे की माणसामागे, शनिवार-रविवारी किमान दोन रात्रींची अट आहे का, लहान मुलांना घेतात का (काही घरं बारा वर्षांखालच्यांना घेत नाहीत), रद्द केल्यास किती पैसे परत, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. आम्हाला न्याहारीसकट एका खोलीचे रात्रीला १३० पौंड पडले.

अनोळखी संकेतस्थळावर घर पाहिलं आणि मालक थेट बँक खात्यात आगाऊ रक्कम मागत असेल तर थांबा. घराचं नाव स्वतंत्र शोधा, त्यांचा स्वतःचा फोन नंबर मिळवा, बोला, मगच पैसे द्या.

३. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर सहा महिन्यांपर्यंतचा व्हिजिटर व्हिसा लागतो आणि कुठे राहणार ते अर्जात विचारतात. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं बुकिंग करू नका. सोबत ठेवायचं ते असं :

- पासपोर्ट आणि व्हिसा. ई-व्हिसा असेल तर त्या खात्यात लॉगिन होतंय ना, हे निघण्याआधी घरीच पाहून घ्या
- बुकिंगच्या ईमेलची छापील प्रत, कारण खेड्यात मोबाइलला रेंज असेलच असं नाही
- परदेशात चालणारं कार्ड आणि थोडे सुटे पौंड
- प्रवासविम्याचा कागद
- औषधांची चिठ्ठी, डॉक्टरच्या सहीची

पोहोचल्यावर सोळा आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाचं नाव आणि राष्ट्रीयत्व नोंदवहीत लिहून घेतात. १९७२च्या सरकारी आदेशाने हे हॉटेलांना आणि बी अँड बींना बंधनकारक आहे. पासपोर्ट नंबर आणि पुढचा मुक्काम राष्ट्रकुलाबाहेरच्या पाहुण्यांकडून घ्यायचा असतो, म्हणजे कायद्याने आपल्याला तो लागू नाही. तरी मागितला तर दाखवायला हरकत नाही. पासपोर्ट मात्र रात्रभर कुणाकडे ठेवून देऊ नका.

४. सामान

इथे बहुतेकांचं चुकतं. विमानाला तेवीस किलो चालतात म्हणून आपण तेवीस किलोची टणक बॅग भरतो. ती त्या वळणाच्या जिन्यातून वर जात नाही. ढकलून नेली तर चाकं चुन्याच्या गिलाव्यावर घासतात, पोपडा निघतो आणि तो जुन्या पद्धतीनेच दुरुस्त करावा लागतो. मोठी बॅग मुलांच्या घरी ठेवा आणि दोन रात्रींपुरती मऊ पिशवी घ्या.

त्या पिशवीत असू द्या :

- तीन चपट्या पिनांचा ब्रिटिश ॲडॅप्टर. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आहे, पण आपली गोल पिन तिथे बसत नाही
- जाड मोजे किंवा मऊ सपाता. लाकडी जमीन गार असते आणि बुटांचा आवाज खाली जातो
- छोटी विजेरी, रात्रीच्या जिन्यासाठी
- प्लास्टिकचा मग. जेट स्प्रे नसतो
- पातळ स्वेटर, मे-जूनमध्येसुद्धा

खाण्याचं म्हणाल तर भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. चिवडा चालतो, आणि रात्री उशिरा भूक लागली तर तोच उपयोगी पडतो.

५. तिथे पोहोचणं

लॅव्हनमला रेल्वे नाही. होती, पण प्रवासी गाड्या १९६१मध्ये बंद झाल्या. लंडनहून यायचं तर लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून गाडी घ्या, मार्क्स टे इथे बदला, सडबरीला उतरा आणि पुढे बस किंवा टॅक्सी. केंब्रिजकडून बेरी सेंट एडमंड्सपर्यंत रेल्वे आणि तिथून बस. आम्ही याच वाटेने गेलो, कारण मुलगी केंब्रिजला शिकते. खेड्यातल्या बस संध्याकाळी लवकर थांबतात. शेवटची बस किती वाजता आणि रविवारी आहे की नाही, हे तारीख टाकून पाहा.

पोहोचायची वेळ कळवणं फार महत्त्वाचं. हे हॉटेल नाही, रात्रभर माणूस बसवलेला काउंटर इथे नसतो. बहुतेक ठिकाणी दुपारी चार ते सहा अशी वेळ दिलेली असते. उशीर होणार असेल तर रस्त्यातूनच फोन करा, नाहीतर मालकीणबाई बाजारात गेलेल्या आणि तुम्ही बंद दारासमोर पावसात, असं होतं.

६. दारात आणि खोलीत

आमच्या दाराला अंगठ्याने दाबायची लोखंडी खिट्टी होती. तिला तिथे त्याच परगण्याच्या नावाने 'सफोक लॅच' म्हणतात. अंगठा दाबला की आतली पट्टी वर उचलली जाते आणि दार उघडतं. सोडताना हाताने अलगद खाली घ्या. नुसती सोडली तर लोखंडाचा ठणकन आवाज घरभर जातो.

जमीन उतरती असेल. घाबरू नका, घर पडत नाहीये. या घरांना ओक ओलाच वापरत, कारण ओला ओक तासायला सोपा जातो. घर उभं राहिल्यावर तो जागच्या जागी वाळला, पिळला, आणि सगळं घर त्याच्याबरोबर थोडं कललं. आमच्या पलंगाच्या एका बाजूच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे दिलेले होते. रात्री लाकूड कुरकुरतं, त्याची पहिल्या रात्रीच सवय होते. पण तुम्ही चाललात की खालच्यांनाही ते ऐकू जातं. दहानंतर भारतात व्हिडिओ कॉल करू नका.

हीटर बऱ्याचदा फक्त सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी चालतो. थंडी वाजली तर संकोच न करता जादा पांघरूण मागा. आईंना मालकीणबाईंनी न मागता गरम पाण्याची रबरी पिशवी आणून दिली.

७. न्हाणीघर : सगळ्यात जास्त सांभाळायची जागा

हे जरा सविस्तर सांगते. आपल्याला न्हाणीघराची जमीन ओली करायची सवय असते, मोरी असते, पाणी वाहून जातं. तिथे जमिनीला मोरी नसते. वर फरशी किंवा मॅट दिसली तरी खाली लाकडी फळ्या असतात आणि त्याखाली खालच्या खोलीचं छत. चार वर्षांपूर्वी आमच्याकडून शॉवरचा पडदा टबाच्या बाहेर राहिला. वीस मिनिटांत खालच्या जेवणघराच्या छतावर ताटाएवढा ओला डाग उमटला आणि पाणी टपकू लागलं. मालकांनी एका शब्दाने बोल लावला नाही, पण ते शिडी लावून, हात वर करून गिलावा चाचपत उभे राहिलेले मला अजून दिसतात.

तेव्हा पडदा टबाच्या आत. आंघोळ टबातच. बाहेर पडलेलं पाणी तिथल्या तिथे टॉवेलने टिपा. कपडे धुऊन पिळून वाळत घालू नका.

दिव्याचं बटण बाहेर किंवा छतावरून लोंबणारी दोरी असते. दोऱ्या दोन असल्या तर दुसरी बहुधा शॉवरच्या विजेची. ती ओढल्याशिवाय पाणी गरम होत नाही. केस वाळवायचं यंत्र खोलीतच लावा, न्हाणीघरात त्याला प्लग नसतो. गरम आणि गार पाण्याचे नळ वेगळे असतील तर बेसिनमध्ये बूच लावून पाणी एकत्र करून घ्या. गरम नळाचं पाणी हात भाजेल इतकं असू शकतं.

८. आग

उदबत्ती नाही, निरांजन नाही, मेणबत्ती नाही. लाकूड, गवत आणि माती यांचं घर आहे आणि दोन्ही बाजूंची घरं त्याला चिकटून आहेत. आईंना सकाळी देवाला उदबत्ती लावायची सवय आहे. मी त्यांना निघण्याआधीच सांगितलं होतं, त्यांनी मानसपूजा केली. खोलीत केटल असते. ती चहाच्या पाण्यापुरतीच वापरा, तिच्यात नूडल्स किंवा अंडी उकडू नका. जड दारं आपोआप मिटतात ती आगीसाठीच, त्यांना बॅग टेकवून उघडी ठेवू नका.

९. न्याहारी

आदल्या संध्याकाळी एक कागद देतात, त्यावर खूण करून ठेवायची. पूर्ण इंग्लिश न्याहारीत बेकन, सॉसेज, अंडं, मश्रूम, टोमॅटो, बीन्स आणि टोस्ट असतो. 'ब्लॅक पुडिंग' हे नाव वाचून गोड पदार्थ समजू नका, त्यात डुकराचं रक्त असतं.

शाकाहारी मंडळींनो, तिथे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं धरलेलंच असतं. अंडं चालत नसेल तर ते वेगळं सांगा. 'व्हेगन' म्हणालात तर दूध-लोणीही जाईल. वेगळ्या तव्यावर करून हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहा, आयत्या वेळी एकटीच्या स्वयंपाकघरात ते जमत नाही. आई अंडं खात नाहीत. त्यांना दुधातली ओटची लापशी, भाजलेले मश्रूम आणि टोस्ट मिळालं. वेळ आठ ते साडेनऊ असेल तर साडेनऊला खाली येऊ नका, तोवर खाऊन व्हायला हवं.

१०. रात्रीचं जेवण

बी अँड बीत ते नसतं. गावातल्या पबचं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं, रविवारी संध्याकाळी कधी कधी उघडतच नाही. टेबल सकाळीच सांगून ठेवा. अनेक पबमध्ये टेबलावर कुणी विचारायला येत नाही, आपण काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि तिथेच पैसे भरायचे.

११. घर दाखवायला सांगा

हे बरेच जण करत नाहीत आणि मग घरातून घर न पाहताच परत येतात. न्याहारीनंतर मालक मोकळे झाले की विचारा. या लोकांना आपल्या घराबद्दल बोलायला मनापासून आवडतं.

जोडांजवळ छिन्नीने कोरलेले रोमन आकडे शोधा. सुतार सगळा सांगाडा आधी आपल्या आवारात जुळवत, लाकडांवर खुणा करत, मग सुटा करून जागेवर नेत आणि ओकच्याच खुंट्या ठोकून उभा करत. आढ्याखालची लाकडं काळी दिसली तर ती काजळी आहे. सुरुवातीला धुराडं नव्हतं, मधला हॉल थेट छपरापर्यंत उघडा असायचा आणि मधोमध जमिनीवर विस्तव पेटत असे. मजला नंतर घातला. म्हणजे तुमची झोपायची खोली त्या जुन्या हॉलचा वरचा अर्धा भाग असू शकते.

आमच्याकडे जेवणघराच्या भिंतीत गिलाव्याचा चौकोन मोकळा ठेवून त्यावर काच बसवली होती. आत हेझल नावाच्या झुडपाच्या आडव्या-उभ्या विणलेल्या काठ्या आणि त्यावर थापलेली माती. मालकीणबाई सांगत होत्या की त्या मातीत चिरलेलं गवत आणि शेण मिसळतात. मी भाषांतर करण्याआधीच आई काचेजवळ वाकून म्हणाल्या, "अगो, हा तर कूड!" त्यांचं माहेर गुहागरकडचं. कारवीचा कूड आणि त्यावर शेणमातीचा गिलावा त्यांनी लहानपणी आपल्या हातांनी लिंपलेला. काठ्या किती अंतरावर घ्यायच्या, माती किती दिवस भिजवायची, भेग पडली तर काय करायचं, हे आई मराठीत सांगत राहिल्या, मी इंग्रजीत सांगत राहिले आणि मालकीणबाईंनी वही आणून ते लिहून घेतलं.

भिंतींना हात लावायचा असेल तर विचारून लावा. चुन्याची सफेदी कपड्यांना लागते, काळे कपडे घालून भिंतीला टेकू नका.

१२. निघताना

खोली साधारण दहाला सोडायची असते. बक्षिसी द्यायची पद्धत नाही. बस दुपारची असेल तर पिशव्या ठेवू का विचारा, बहुतेक वेळा हो म्हणतात. तेवढ्या वेळात सेंट पीटर आणि सेंट पॉलचं चर्च पाहून या. १४१ फुटांचा मनोरा आहे, बराचसा कापडाच्या पैशातून उभा राहिलेला. गिल्डहॉल नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि त्याला तिकीट आहे. हिवाळ्यात जात असाल तर ते कोणत्या दिवशी उघडं असतं ते आधी पाहा. किल्ली मालकांच्या हातात द्या, खिशात राहिली तर टपालाने परत पाठवावी लागते. आणि त्या दिवशी रविवार असेल तर टॅक्सी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.